यंत्राला आपले आकडे शिकविताना



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली. या प्रथेच्या मुळाशी एक श्रद्धा आहे. ती अशी की, विषय कितीही अवघड असो, तो गावातल्या चारचौघांपुढे त्यांच्या भाषेत मांडता आला पाहिजे. आज माझ्या वाट्याला आलेला विषय या श्रद्धेची कसोटी पाहणारा आहे. संगणकावर एक संवादी खिडकी असते, आणि तिला लावता येणारा एक लहानसा जोड असतो. त्या जोडाविषयी मी बोलणार आहे. कार्यक्रमपत्रिका वाचून काही मंडळींनी मला विचारले, "भाऊ, तुम्ही युनियनवाले. तुमचा आणि याचा संबंध काय?" संबंध पगाराचा आहे. आणि पगाराचा संबंध आला, तिथे युनियनचा आलाच.

माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते गिरणगावातून वसईकडे आलेल्या माणसांच्या सभांत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा संगणकशास्त्रातला पंडित म्हणून मी उभा नाही. हत्यार वापरणारा माणूस हत्याराविषयी जेवढ्या अधिकाराने बोलू शकतो, तेवढेच मी बोलेन.

प्रथम ही खिडकी म्हणजे काय ते पाहू. संगणकाला काम सांगण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत कचेरीतल्या अर्जासारखी आहे. अर्ज लिहावा, खिडकीवर द्यावा, घरी जावे, आणि चार दिवसांनी येऊन पाहावे तो 'रकाना नऊ भरलेला नाही' असा शेरा मारून अर्ज परत आलेला असावा. आरंभीची गणकयंत्रे याच रीतीने चालत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच लोकांनी बांधलेले यंत्र १९६० साली रीतसर चालू झाले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. पुढे १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठे अमेरिकी यंत्र आले. त्या जमान्यात अशा यंत्राला काम द्यायचे म्हणजे कार्डांना भोके पाडायची, कार्डांचा गठ्ठा यंत्रचालकाच्या हवाली करायचा आणि आपली पाळी येईपर्यंत वाट पाहायची. एक भोक चुकले की पुन्हा पहिल्यापासून. यंत्र वेगवान होते; खोळंबा होत होता तो माणसाचा.

दुसरी रीत वाण्याच्या दुकानासारखी आहे. आपण विचारावे, "तांदूळ काय भाव?" त्याने भाव सांगावा. आपण म्हणावे, "मग पाच किलोचे किती?" त्याने तेही सांगावे. भाव ऐकून आपण बेत बदलावा, तीनच किलो घ्यावे. प्रत्येक प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर, आणि उत्तर ऐकून पुढचा प्रश्न. संगणकावर अशी बोलाचाली जिथे करता येते, तिला संवादी खिडकी किंवा कन्सोल म्हणतात. एक ओळ लिहायची, कळ दाबायची, की खाली उत्तर येते. चूक झाली तर यंत्र लगेच सांगते. आपण ओळ सुधारून पुन्हा विचारतो. त्यात मानहानी नाही आणि वशिलाही नाही.

अशी खिडकी असलेल्या भाषांपैकी पायथन ही आज फार प्रचारात आहे. गुइडो व्हान रॉसम या डच गृहस्थाने १९८९ सालच्या नाताळच्या सुट्टीत ती लिहायला घेतली आणि १९९१ साली लोकांस खुली केली. तिला दाम पडत नाही, आणि तिचा आतला सगळा कारभार कोणालाही उघडून वाचता येतो. खिडकी उघडली की तीन कोनी चिन्हे दिसतात. त्यांचा अर्थ एवढाच की, 'विचारा, मी ऐकत आहे.'

आता जोड म्हणजे काय? वालीव, सातिवली, गोखिवरे, नवघर या आपल्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्यांना हे सांगायला नको. कारखान्यात लेथ येतो तो कंपनीने बनविला तसा येतो. पण रोज शंभर नग एकाच मापाचे काढायचे असले, की जाणता टर्नर त्या लेथला स्वतःच्या हाताने एखादे फिक्श्चर करून लावतो. ड्रिलवर काम करणारा स्वतःची जिग बनवितो. ती लोखंडाची एक पट्टी असते आणि दोन बोल्ट असतात. पण त्या पट्टीमुळे माप चुकत नाही आणि हात वाचतो. लेथ बनविणाऱ्याला ती सुचली नव्हती. कारण त्याच्यापुढे जगातले सारे कारखाने होते, आणि या टर्नरपुढे त्याचा स्वतःचा नग होता. संवादी खिडकीचा जोड म्हणजे अशीच एक जिग. मूळ यंत्राला हात न लावता, वरून बसविलेली आणि काढून ठेवता येणारी.

आणि गंमत अशी की, आज जगभर वापरली जाणारी एक मोठी संवादी खिडकी ही मुळात असाच एक लहान जोड होती. फर्नांडो पेरेझ हा कोलंबिया देशातल्या मेडेलिनचा तरुण अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात पदार्थविज्ञानाचा प्रबंध लिहीत होता. पायथनची साधी खिडकी त्याला अपुरी वाटे. २००१ साली प्रबंध बाजूस ठेवून त्याने त्या खिडकीला लावायला २५९ ओळींचा एक जोड लिहिला. या जोडामुळे प्रत्येक प्रश्नाला क्रमांक मिळाला, प्रत्येक उत्तराला क्रमांक मिळाला, आणि मागच्या क्रमांकाचे उत्तर पुढच्या प्रश्नात वापरता येऊ लागले. दुसऱ्या दोघांनी स्वतंत्रपणे असेच जोड लिहिले होते. तिन्ही एकत्र केले आणि 'आयपायथन' उभे राहिले. २०१४ साली त्यातून 'ज्युपिटर' नावाचा मोठा प्रकल्प निघाला. गुरुत्वीय लहरींचा पहिला वेध लागल्याचे २०१६ साली जाहीर झाले, तेव्हा त्या शास्त्रज्ञांनी आपली मोजमापे आणि गणिते अशाच संवादी वहीच्या रूपात सर्वांपुढे ठेवली, की ज्याला शंका असेल त्याने स्वतः करून पाहावे. त्याच जातीच्या वेधशाळेची कोनशिला २०२३ साली आपल्या हिंगोली जिल्ह्यात बसली, म्हणजे हा विषय आपल्या दारापर्यंत आलेला आहे.

प्रश्नांना आणि उत्तरांना क्रमांक देणे ही गोष्ट माझ्यासारख्याला फार मोलाची वाटते. ज्याने कधी संघटनेच्या सभेचे इतिवृत्त लिहिले आहे, त्याला याचे महत्त्व कळेल. ठराव क्रमांक चार मंजूर झाला, तो ठराव क्रमांक दोनला धरून होता, हे कागदावर असले म्हणजे पुढे कोणी शब्द फिरवू शकत नाही.

आता आपल्या जोडाकडे येतो. आमच्या कार्यालयात कामगार हजेरीच्या वह्या घेऊन येतात. या वह्या बहुधा खिशातल्या असतात आणि त्यांतले आकडे मराठी असतात. आमच्यातल्या तरुणांनी ते आकडे संवादी खिडकीत जसेच्या तसे लिहून पाहिले. तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. पायथनची तिसरी आवृत्ती २००८ सालच्या डिसेंबरात आली, तेव्हापासून तिच्यात रकमेला नाव देताना ते देवनागरीत देता येते. 'पगार' असे नाव तिला चालते, 'जादातास' चालते. इतकेच नव्हे, मराठी आकडा अवतरणचिन्हांत लिहून 'याचा पूर्णांक कर' असे म्हटले, तर ती तोही बिनचूक ओळखते. पण तोच मराठी आकडा अवतरणाशिवाय उघडा लिहून बेरीज करायला सांगितली, की ती म्हणते, 'हे चिन्ह अवैध आहे.' म्हणजे पाहुण्याला ओसरीवर बसवायचे, पाणी द्यायचे, पण माजघरात येऊ द्यायचे नाही, असा हा प्रकार!

यात कोणाचा दुष्टावा नाही. यंत्राच्या पोटी प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आणि नवाचा ५७. युनिकोड नावाच्या जागतिक कोष्टकात मराठी शून्याचा क्रमांक २४०६ आणि नवाचा २४१५. भाषा बनविणाऱ्यांनी हिशोबाच्या ओळीत ४८ ते ५७ एवढेच आकडे धरले. वस्तुतः ज्यांना आपण इंग्रजी आकडे म्हणतो, ते मूळचे इथलेच. अरबांकडून ते युरोपात गेले आणि वेष पालटून परत आले. आपल्या राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमातही त्यांना भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप असेच म्हटले आहे. तेव्हा भांडण परक्याशी नाही. दोन भावांपैकी एकाला दार उघडे आहे, दुसऱ्याला नाही, एवढेच.

आता हे दार उघडायला काय लागते? २४०६ मधून ४८ वजा केले की २३५८ उरतात. मराठी आकड्याच्या क्रमांकातून २३५८ वजा करा, की तोच आकडा इंग्रजी रूपात मिळतो. दहाही आकड्यांना हाच एक नियम. आयपायथनने अशी सोय ठेवली आहे की, आपण लिहिलेली ओळ यंत्राकडे जाण्यापूर्वी मध्ये एक चाळण बसविता येते. या चाळणीत ओळीतला मराठी आकडा इंग्रजी रूप घेतो आणि मग पुढे जातो. हे झाले जोडाचे पहिले काम.

दुसरे काम उत्तर परत येताना करायचे. पायथनला लाख-कोटी ठाऊक नाहीत. मोठी रक्कम ती एका दमात, स्वल्पविरामाशिवाय लिहिते; आणि स्वल्पविराम मागितला, तर पाश्चात्त्य वहिवाटीप्रमाणे दर तीन आकड्यांनंतर देते. आपली रीत निराळी. शेवटचे तीन आकडे एकत्र, मग दोन-दोनचे जोड. आयपायथनमध्ये उत्तर पडद्यावर कसे दिसावे हेही ठरविता येते. तिथे जोड दुसऱ्यांदा उभा राहतो, आपल्या रीतीने स्वल्पविराम देतो, २३५८ परत मिळवितो, आणि उत्तर मराठी आकड्यांत दिसते. ही दोन्ही कामे वीस-पंचवीस ओळींत होतात. ती एका फाइलीत ठेवायची, आणि खिडकी उघडल्यावर टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणारी एक ओळ लिहून तो जोड बसवायचा. नको असेल तेव्हा काढता येतो. मूळ यंत्राचा एक बोल्टही ढिला होत नाही.

आता कोणी म्हणेल, इंग्रजी आकडे पोराबाळांनाही येतात, मग एवढा खटाटोप कशाला? याला माझे उत्तर असे. आकडे दोन्ही येतात, हे खरे. पण एका वहीतून दुसरीकडे उतरविताना घोळ होतो, हेही तितकेच खरे. मराठी चार हा इंग्रजी आठासारखा दिसतो. मराठी एक हा इंग्रजी नवासारखा दिसतो. घाईत लिहिलेल्या वहीत ४१० रुपये असतील आणि वाचणाऱ्याने ते इंग्रजी समजून वाचले, तर आठशे नव्वद होतात. कामगाराच्या तक्रारीत असा एक आकडा चुकीचा निघाला, की समोरचा वकील तोच धरून बसतो आणि बाकीचे पन्नास बरोबर आकडे वाऱ्यावर जातात. जसे लिहिले आहे तसेच यंत्रात घालता आले, तर मधली उतरवणी वाचते आणि तिच्याबरोबर घोळही वाचतो.

आता प्रत्यक्ष हिशोब करून पाहू. समजा, एका कामगाराचा रोज ५२० रुपये आहे आणि दिवस आठ तासांचा. खिडकीत पहिली ओळ: ५२० भागिले ८. उत्तर येते ६५. म्हणजे तासाचा दर ६५ रुपये. जादा तासांना दुप्पट दर ही १९४८ सालच्या कारखाना कायद्यापासून चालत आलेली रीत आहे. म्हणून दुसरी ओळ: ६५ गुणिले २, उत्तर १३०. आता या कामगाराला रोज पाळी सुटल्यावर २५ मिनिटे थांबावे लागते. यंत्र पुसायचे, माल मोजून द्यायचा. पण कारखान्याचा नियम असा की, अर्ध्या तासाच्या आतला वेळ धरायचा नाही. असे नियम मी डोळ्यांनी पाहिले आहेत. नावे घेण्याचे हे व्यासपीठ नव्हे. २५ मिनिटे म्हणजे चहा पिण्याइतका वेळ, त्याचे काय एवढे, असे कामगारालाही वाटते. तिसरी ओळ: २५ गुणिले २६ दिवस, उत्तर ६५० मिनिटे. चौथी ओळ: ६५० भागिले ६० गुणिले १३०. उत्तर १,४०८ रुपये ३३ पैसे, एका महिन्याचे. पाचवी ओळ: मागच्या उत्तराला १२ ने गुणा. १६,९०० रुपये, एका वर्षाचे. आणि खात्यात असे ८४ कामगार असतील, तर सहावी ओळ सांगते १४,१९,६०० रुपये.

चौदा लाख एकोणीस हजार सहाशे! हाच आकडा सात अंकांच्या एका रांगेत, स्वल्पविरामाशिवाय पडद्यावर आला असता, तर समोर बसलेल्या कामगाराने तो बोटाने मोजला असता. पाश्चात्त्य रीतीने आला असता, तर १,४१९,६०० असा दिसला असता, आणि त्याने आधी अदमास घेतला असता की हे चौदा हजार की चौदा लाख. आपल्या रीतीने आला, म्हणून पाहताक्षणी त्याच्या तोंडून शब्द निघतो: "लाख!" तो शब्द निघणे महत्त्वाचे आहे. आपले काय जात आहे हे माणसाला आपल्या भाषेत कळले, म्हणजे तो युनियनच्या पुढाऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसत नाही. तो स्वतः विचारू लागतो. "आणि ही २५ मिनिटे २० धरली तर?" पुन्हा एक ओळ, पुन्हा उत्तर. छापील पगारचिठ्ठीला असा प्रश्न विचारता येत नाही. ती निकाल देते आणि गप्प बसते.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणले, तेव्हा त्यांच्या मागण्या कशा होत्या ते आठवा. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. नुसती हळहळ नव्हती, मोजमाप होते. म्हणूनच १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पडली. अर्धा तास आणि पंचवीस मिनिटे यांचा आग्रह धरण्याची विद्या आपल्या चळवळीला नवी नाही. हत्यार तेवढे नवे आहे.

मात्र हत्याराचे गुण सांगितले, तशी त्याची पथ्येही सांगितली पाहिजेत. पहिले पथ्य: जोड आकड्याचे दिसणे बदलतो, त्याने आकड्याचे असणे बदलता कामा नये. पडद्यावर दोनच पैसे-अंक दाखवावेत, पण आतली रक्कम पुरी ठेवावी, नाहीतर बारा महिन्यांत पैशांचे रुपये होतात. दुसरे पथ्य: पूर्णांक करण्याचा नियम यंत्राचा कोणता, ते विचारून घ्यावे. अडीचचा पूर्णांक कर म्हटले तर पायथन दोन सांगते, आणि साडेतीनचा विचारला तर चार सांगते. बरोबर अर्धा उरला, की ती जवळच्या सम संख्येकडे जाते. हा नियम लबाडीचा नाही, मोठ्या हिशोबांत तो न्यायाचाच आहे. पण तो ठाऊक नसलेला माणूस गोंधळतो. तिसरे पथ्य: अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर चाळणीने जसाच्या तसा सोडावा. 'खोली क्रमांक १२' हा मजकूर आहे, हिशोब नव्हे; त्याला हात लावण्याचे कारण नाही. चौथे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. आयपायथन आपण लिहिलेली प्रत्येक ओळ इतिहास म्हणून त्या संगणकावर साठवून ठेवते. आपल्या घरी ही सोय आहे. पण दुकानातल्या, दुसऱ्याच्या किंवा मालकाच्या संगणकावर कामगारांची नावे आणि पगार लिहिलेत, तर ते तिथेच मागे राहतात, हे विसरू नये.

काही जुने सहकारी मला चिडवितात. म्हणतात, साठीच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ घातला, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्याविरुद्ध लढा दिला, आणि हा गृहस्थ संगणकाची आरती करतो! त्या लढ्याची थट्टा करणाऱ्यांत मी नाही. त्यांचा प्रश्न होता की, यंत्र आल्यावर माणसाचे काय? तो प्रश्न तेव्हाही खरा होता, आजही खरा आहे. पुढे १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यंत्रीकरणाविषयी करार केला. म्हणजे यंत्र यावे की नाही, एवढ्यावर न थांबता ते कोणत्या अटींवर यावे, हे बोलण्याचा हक्क त्यांनी मिळविला. माझे म्हणणे त्याच्या पुढचे आहे. मालकाच्या कचेरीतले यंत्र कामगाराचे मिनिट न् मिनिट मोजते. तर मग कामगाराच्या हातातही मोजणारे यंत्र असावे, आणि ते त्याच्या आकड्यांत बोलणारे असावे. आजकाल नुसते बोलून विचारले तरी उत्तर देणारी यंत्रे निघाली आहेत, ती वापरू नका असे मी म्हणत नाही. पण कामगार अधिकाऱ्यापुढे 'यंत्राने सांगितले' एवढे पुरत नाही. पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी ओळ, असा हिशोब दाखवावा लागतो, आणि तो कोणीही पुन्हा केला तरी तोच यावा लागतो.

आता एका गोष्टीकडे युनियनवाला म्हणून आपले लक्ष वेधतो. हे लहान जोड करतो कोण? बहुतेक वेळा कोणी तरी फावल्या वेळात, विनावेतन करतो. २०१६ सालच्या मार्चमध्ये अकरा ओळींचा एक जोड त्याच्या कर्त्याने एका वादामुळे सार्वजनिक भांडारातून काढून घेतला. कशाचा जोड? मजकुराच्या डाव्या बाजूला मोकळी जागा भरून रांग नीट करण्याचा! त्यासरशी जगभरातल्या हजारो आज्ञावल्यांची बांधणी अडली. अकरा ओळींवर केवढा डोलारा उभा होता, ते त्या दिवशी कळले. २०२४ सालच्या मार्चमध्ये याहून गंभीर प्रकार उघडकीस आला. फायली दाबून लहान करणारे एक साधन एकटा माणूस वर्षानुवर्षे फुकट सांभाळीत होता. मदतनीस म्हणून विश्वास मिळविलेल्या कोणी तरी त्यात चोरवाट बसविली. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला दूरच्या यंत्रात प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, म्हणून ती सापडली. पाहा, अर्ध्या सेकंदाचा हिशोब मागणारा माणूस होता म्हणून जग वाचले!

तात्पर्य, जोड लहान असला तरी त्याच्यामागचे श्रम लहान नसतात, आणि तो एकट्याच्या गळ्यात टाकून मोकळे होणे हा शहाणपणा नव्हे. आमच्या जोडाच्या बाबतीत आम्ही नियम केला आहे. त्याची प्रत्येक ओळ किमान तिघांना समजलेली असली पाहिजे, आणि काही बदल करायचा तर दुसऱ्याने वाचल्याशिवाय तो करायचा नाही. वर्गणीच्या हिशोबाला दोन सह्या लागतात, तसेच हे.

शिकायचे कुठे, असे तरुण मंडळी विचारतील. त्यासाठी फार लांब जायला नको. पवईच्या आय. आय. टी.त 'फॉसी' नावाचा प्रकल्प आहे. शिक्षणात खुल्या आज्ञावल्यांचा प्रसार करणे हे त्याचे काम. त्याच संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात लहान लहान बोलके पाठ केलेले आहेत. पाठ चालू ठेवायचा, थांबवायचा, आपल्या संगणकावर तसेच करून पाहायचे, अशी त्यांची रीत. त्यांत पायथनचे पाठ आहेत, आयपायथनची ओळख करून देणारेही आहेत, आणि या उपक्रमातले पुष्कळ पाठ मराठी आवाजात ऐकायला मिळतात. पैसा पडत नाही. विरारच्या गाडीत उभे राहून प्रवास करणाऱ्याला एखादा पाठ अंधेरीपर्यंत सहज ऐकून होईल. करून पाहायला मात्र रात्री बसावे लागेल.

माझी या सभेला एक विनंती आहे. आपल्या भागात वाचनालये आहेत, मंडळे आहेत, चर्चचे आणि देवळांचे सभागृह आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक जुना संगणक आणि चार माणसे एवढ्यावर एक हिशोबवर्ग सुरू होऊ शकतो. कामगाराने हजेरीची वही आणावी, भाजीवाल्या बाईने दिवसाच्या विक्रीची आणावी, गृहसंस्थेच्या चिटणीसाने देखभालखर्चाची आणावी. प्रत्येकाची वही निराळी, म्हणून प्रत्येकाला लागणारा जोडही थोडा निराळा. भाजीवाल्या बाईला जुडी आणि शेकडा यांचा मेळ लागेल, चिटणिसाला तिमाही लागेल. ती गरज परदेशातल्या कोणा अभियंत्याला कळणार नाही, आणि त्याचा दोषही नाही. ती ज्याची त्यानेच ओळखायची आणि आपली जिग आपणच बनवायची.

यंत्र आपले आकडे ओळखत नाही, तेव्हा आपण आपले आकडे टाकून द्यावेत, ही एक वाट. यंत्राला ते शिकवावेत, ही दुसरी. दुसऱ्या वाटेला पंचवीस ओळी लागतात. त्या लिहिणे आपल्या आवाक्यातले आहे, एवढेच सांगण्यासाठी मी आज उभा राहिलो. सभेनंतर ज्यांना तो जोड पाहायचा असेल, त्यांच्यासाठी आमच्या मंडळींनी व्यासपीठाशेजारी एक संगणक मांडून ठेवला आहे. आपापल्या वहीतला एखादा हिशोब त्यात घालून पाहा, आणि उत्तर चुकलेसे वाटले तर तसे निःसंकोच सांगा.